न मागितलेला क्रम

मॅडम, बदलापूरच्या क्लासमध्ये तुम्ही मला एकदा सगळ्यांसमोर उभं केलं होतं. मी क्वेरी लिहून डेटाबेसमधून विद्यार्थ्यांची यादी काढली होती. नावं अकारविल्हे आली होती, पण क्रम मागणारी ऑर्डर बायची ओळ मी लिहिलीच नव्हती. नावावर इंडेक्स, म्हणजे आधीच ओळीने लावलेली सूची, होती; डेटाबेस त्याच वाटेने गेला, म्हणून नावं ओळीने आली. मी खूश होते. तुम्ही तो इंडेक्स काढून टाकलात आणि तीच क्वेरी पुन्हा चालवलीत. नावं विस्कटली. "काय गं, डेटाबेस तुझा मामा लागतो का, न मागता द्यायला?" वर्ग हसतो. खालच्या फरसाणवाल्याच्या तेलाचा वास वर येतोय आणि मी की-बोर्डकडे बघत उभी आहे.

आता मी अंबरनाथच्या एका किडनीच्या दवाखान्याचं सॉफ्टवेअर बघते. पेशंट ज्या क्रमाने आले त्या क्रमाने बाहेरच्या स्क्रीनवर नंबर लागतात. गर्दी झाली की स्क्रीन अडकायची, कारण दर वेळी सगळी यादी नव्याने लावली जायची, म्हणजे सॉर्ट व्हायची. मी इंडेक्स केला, आधी डॉक्टर, मग येण्याची वेळ. आता प्रत्येक डॉक्टरच्या नोंदी वेळेनुसार लावलेल्याच मिळतात. स्क्रीन अडकायची थांबली. मग आमचा टीम लीड, उल्हासनगरचा, माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"अरे, सॉर्ट गया ना? मग ऑर्डर बाय कशाला ठेवलंस? काढ ना. कितीही वेळा चालव, बरोबरच येतंय."

"आज येतंय. उद्या डेटाबेसने दुसरी वाट धरली तर? आणि ती ओळ ठेवून वेळ जात नाही. इंडेक्स दिसला की डेटाबेस वेगळं सॉर्ट करतच नाही."

"तू ना यार, टीचरसारखी बोलतेस."

मी ओळ काढली नाही. मला नोकरीत कायम करायचं की नाही, हे याच महिन्यात तो लिहिणार आहे. तेव्हापासून तो कामापुरतंच बोलतो. आणि मी ती क्वेरी कारण नसताना पुन्हा पुन्हा उघडते. हा माझा हट्ट आहे का, हेही तपासून पाहिलं. नाही. तुम्ही शेवटी डायलिसिससाठी अशाच एका दवाखान्यात नंबरची वाट बघत बसायचात. नंबर मागेपुढे झाला तरी तिथे कोणी भांडत नाही, असं म्हणाला होतात. भांडायला अंगात जोरच नसतो.

तुम्ही गेलात, आता हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिता येतंय. शनिवारी मी अंबरनाथच्या त्या दवाखान्यात जाऊन बाकावर बसले. मला कोणी पाठवलं नव्हतं. शेजारच्या मावशींनी विचारलं, "तुझं कोण गं आत?" सॉफ्टवेअरचं काम आहे, एवढं सांगता आलं असतं.

"आमच्या मॅडम," मी म्हटलं.

"येतील हं," त्या म्हणाल्या आणि पिशवी मांडीवर घेऊन मला नीट बसायला जागा दिली.

स्क्रीन बरोबर चालली आहे, हे मला थोड्याच वेळात कळलं होतं. तरी शेवटचा पेशंट आत जाईपर्यंत मी उठले नाही.