हौदातली हवा

३ मे
सकाळी हौदात तीन मासे उलटे तरंगत होते. बाकीचे वर येऊन तोंडं वासत होते. यांची खुर्ची आज मुद्दाम चाफ्याकडं वळवली. दिवाळीत उजवं अंग आणि वाचा गेल्यापासून हे दिवसभर एवढंच बघतात, स्वतः बांधलेला हौद, त्यातलं कमळ, लाल मासे. टीव्ही नको, माणसं नकोत. हौद गेला तर यांनी बघायचं काय?

४ मे
आणखी दोन गेले. शेजारच्या वहिनी म्हणतात, "पाणी बदला की." लातुरात, मे महिन्यात! धन्य.
हौदातलंच पाणी बादलीनं उपसून उंचावरून परत ओतत बसले. मासे धारेखाली गोळा झाले. खांदा गेला कामातून.

५ मे
पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारे रहीमभाई आले. "काकू, पान्यात हवाच न्हाई. दम कोंडून मरून राहिले." कोपरापर्यंत हात घालून तळातून काळा लगदा काढला. झेंडू, बेलाची पानं. नाक धरावं असा वास.
"हे कोन टाकतंय?"
मी म्हणाले, मीच.
"हे कुजतंय अन् हवा खातंय. पंप लावतो, पर टाकनं बंद करा."

६ मे
निर्माल्य कचऱ्यात जाऊ नये, पायाखाली येऊ नये. पूर्वी हे पिशवीत घालून न्यायचे. कुठं, ते चाळीस वर्षांत एकदाही विचारलं नाही मी. हे पडल्यावर हौद जवळ म्हणून दोघांच्या लिंगपूजेची फुलं, बेल, सगळं त्यातच. वर पुण्य केल्याचं समाधान!
आज अर्धा गाळ काढला. एकदम ढवळू नका म्हणाले र.भाई. हात धुतले तरी वास जात नाही. स्वतःचीच लाज वाटते.

८ मे
पंप बसला. तळाशी दोन नळ्या, त्यांतून बारीक बुडबुडे. वीज गेली तर इन्व्हर्टरवर यांचा पंखा नाहीतर पंप, एकच चालेल. यांना विचारलं. डाव्या हातानं हौद दाखवला. दुपारभर मी यांना पुठ्ठ्यानं वारा घालत बसले.

११ मे
तीन दिवसांत एकही मासा मेला नाही. कमळाचं मात्र खरं नाही, देठ मऊ पडलाय.
आज पूजा झाल्यावर सवयीनं ताम्हण घेऊन हौदाकडंच निघाले. यांनी डावा हात वर केला. मी थांबले, तसा हात खाली. पुन्हा एक पाऊल टाकलं. पुन्हा वर.
सहा महिने रोज मी फुलं टाकताना हे असाच हात उचलत होते. मला वाटायचं नमस्कार करतात. मीसुद्धा हात जोडायचे आणि वरून म्हणायचे, "बघा, देवानं हात तरी ठेवला."
आणखी कशाकशाला नको म्हणत असतील हे?
ताम्हण खाली ठेवलं आणि यांच्यासमोर जाऊन बसले. कुठून विचारायला सुरुवात करावी कळेना.