बकरीचा पंधरावा शेवट

९ डिसेंबर

चि. सौ. लेकीस आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

देवाच्या कृपेने इकडे सर्व ठीक. नाताळच्या सुट्टीत तुम्ही येणार म्हणून बाबांनी शिलाईच्या दुकानावर आत्ताच बंदची पाटी लावली आहे.

पण दर नाताळला आपण कॅसेटवर बघतो त्या सिनेमाची अख्खी सीडी जावईबापू आणणार, हे वाचून मी लगेच पत्र लिहायला बसले. आपल्या कॅसेटवर सिनेमा पुलापर्यंतच आहे आणि तेच बरं आहे, हे त्यांना काय माहीत. बर्फातून केक पोचवायला निघालेला बेकरीवाला पुलावरून लोंबकळतो, बकरी त्याची बाही दातांत धरते, आणि प्रवचन सुरू होतं. नवी कॅसेट कशाला घ्यायची म्हणून ते मीच टीव्हीवरून त्याच कॅसेटवर भरलं होतं. बेकरीवाला आता पडणार म्हणजे सिनेमा संपला, असं वाटलं मला.

तेव्हापासून पुढचं बाबा सांगतात. चौदा वर्षं, चौदा शेवट; सगळे माझ्या वहीत आहेत. वर्षभर दुकानात ते गिऱ्हाइकाचं ऐकून घेतात आणि घरी माझं. नाताळचा हा एकच दिवस सगळे त्यांचं ऐकतात. यंदाचा शेवट आरशासमोर बसवणं चालू आहे. बकरीचा आवाज तर असा काढतात, की शेजारीण विचारून गेली, जनावर कधी आणलंत म्हणून. काहीही कर, पण सीडी तिकडेच राहू दे.

माया आहेच, ती अशीच राहो.
तुझी आई

१४ डिसेंबर

ती. आईस लेकीचा शि. सा. नमस्कार.

पत्र पोचलं. आम्ही दोघं मजेत आहोत, आणि सीडीही.

प्रवचन भरलंस तू आणि निस्तरायचं मी. जुनी कॅसेटच बरी, असं यांना आडून आडून सुचवलं. हे म्हणाले, टीव्ही दुरुस्त करणाऱ्याच्या सासुरवाडीला अर्धा सिनेमा शोभत नाही. बाबांनी शिवलेला लग्नातला सूट पोटाला घट्ट होतो, असं हे बोलून गेले होते ना, ते अजून यांच्याच मनाला लागून राहिलंय. सासऱ्यांना खूश करायचं म्हणून सात दुकानं पालथी घातली. मी सीडी पिठाच्या डब्यात लपवली, तर शोधून, पुसून बॅगेत सगळ्यात वर ठेवली.

खरं सांगू, उत्सुकता मलाही आहे. लहानपणी वाटायचं, सगळेच सिनेमे प्रवचनाने संपतात. थिएटरात पहिला सिनेमा संपला तेव्हा मी हात जोडून बसले होते. सीडी येतेय हे बाबांच्या कानावर मात्र तूच घाल.

रागावू नकोस, जीव लावतेस तसाच लाव.
तुझी लेक

२८ डिसेंबर

चि. सौ. लेकीस अनेक आशीर्वाद.

तुम्ही गेलात आणि घर खायला उठलं. बाबांना आधी सांगायचा मला धीर झाला नाही, हे तू पाहिलंसच. पूल आला तशी आत्याबाईंनी डोळ्यांना पदर लावला, आपण सगळ्यांनी सवयीने हात जोडले आणि बाबा सवयीने टीव्हीसमोर उभे राहिले. बकरी स्वतःची बेकरी काढते इथपर्यंत आले, तरी प्रवचन ऐकू येईना. मागे वळून बघतात तर सिनेमा चालूच. त्यांचं तोंड एवढंसं झालं. खरा शेवट कुठला, असं त्यांनी हळूच विचारलं, तेव्हा मला वाटलं, आता संपलं सगळं.

बाबा आडवे उभे, त्यामुळे कोपऱ्यातल्या खुर्चीवरून पडदा एकट्या जावईबापूंनाच दिसत होता. त्यांनी टीव्ही बंद केला आणि सांगितलं, की खरा शेवट डिट्टो हाच, फक्त आवाज बाबांच्या बकरीचा जास्त चांगला. बाबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तू हसून लोळत होतीस, म्हणून पुढचं तुला ठाऊक नाही. ताटं पुसता पुसता जावईबापूंनी मला खरं सांगितलं. बेकरीवाला अंथरुणात जागा होतो. सगळं स्वप्न. बकरी नाहीच.

मी तिथल्या तिथे त्यांच्याकडून वचन घेतलं. तूही तोंड उघडू नकोस. दुसऱ्या दिवशी बाबांनी न सांगता त्यांच्या नव्या सुटाचं माप घेतलं आणि पोटाला दोन बोटं जास्त धरली.

पंधरावा शेवट वहीत उतरवला आहे. सीडी माझ्या कपाटात, कुलपात. तिच्यावर पुलापासून पुढे प्रवचन भरता येतं का, तेवढं जावईबापूंना विचारून कळव.

दोघांवर माझी माया आहे, त्यांच्यावर यंदा काकणभर जास्त.
तुझी आई