पाहुणा बिघाड

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर पूर्ण, पूर्वी पाणीखात्यात मीटर तपासनीस, सध्या धंदा काही नाही, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. कोणी दम दिलेला नाही, कोणी गोड बोलून लिहवून घेतलेलं नाही. गोड बोलायला घरात आता कोणी नाही. काय लिहितो आहे ते मला कळतं. त्याचं काय वाटतं ते मात्र विचारू नये, कारण गेली दोन वर्षं मला फारसं काही वाटत नाही. वकिलीणबाई म्हणाल्या, तसं असलं तरी मृत्युपत्र चालतं. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही.

कलम १. माझी पत्नी दोन वर्षांपूर्वी वारली. मागे एकच मुलगी, लग्न होऊन याच गावात राहते, शाळेत शिकवते. दुसरा वारस नाही. पुतण्या स्वतःला वारस समजतो, त्याची सोय कलम ४ मध्ये केली आहे.

कलम २. राहतं घर, तळमजल्यावरच्या तीन खोल्या आणि मागची पत्र्याची शेड, सर्व स्वकष्टार्जित, मुलीला. विकायचं असेल तर खुशाल विकावं, आठवण म्हणून कुलूप घालून ठेवू नये. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी आधी वर उचलून मग ओढावी लागते. शेडच्या फरशीवरचे तेलाचे डाग जात नाहीत. सोडा, भुसा, रॉकेल, सगळं करून झालं. शेजारचे निवृत्त बँकवाले त्या डागांबद्दल सोळा वर्षं तक्रार करत आहेत. त्यांना माझ्याकडून काही नाही. पण मुलीने त्यांना एकदा आत बोलावून डाग नीट दाखवावेत, आजवर त्यांनी ते फक्त कुंपणावरून मान लांब करून पाहिले आहेत.

कलम ३. बँकेतल्या ठेवी आणि पोस्टातली बचत मुलीला. कागद कपाटाच्या वरच्या खणात. पत्नीचं शिलाई मशीन तिच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे मुलीच्या मावशीला द्यायचं आहे. पत्नी तसं नेहमी म्हणायची. मुलगी ते द्यायला तयार नाही, कारण ती मावशीचं तोंड बघत नाही. त्याबद्दल कलम ७ वाचावं, आणि पूर्ण वाचावं.

कलम ४. हत्यारं. पान्यांचे दोन्ही संच, टायमिंग लाइट, बॅटरीचा चार्जर आणि फटी मोजायच्या पट्ट्या आमच्या जुन्या गाडीवाल्या मंडळींना सामाईक. जॅक पुतण्याला. त्याने तो एका सहलीसाठी नेला आणि दांडा वाकवून परत आणला. वर म्हणाला, "काका, तो आधीपासूनच तसा होता." आधीपासूनच तसा असलेला जॅक आता कायमचा त्याचा झाला. बाकी मिळकतीत त्याचा काडीचाही संबंध नाही.

कलम ५. मंडळी म्हणजे कोण ते लिहितो, नाहीतर वाटणीच्या वेळी कोणीही उठून उभा राहील. आम्ही अकरा जण. प्रत्येकाकडे तीस वर्षांच्या पुढची एक तरी गाडी. दर रविवारी सकाळी बंद पडलेल्या पेट्रोलपंपाच्या छपराखाली जमतो, एरवी फोनवरच्या ग्रुपवर असतो. मुख्य तिघं. मास्तर, गणिताचे, गाडीचं पुस्तक पाठ असलेले. डॉक्टरीणबाई, दातांच्या, ज्यांचा हात कार्बोरेटरच्या बारीक स्क्रूवरही तितकाच हलका चालतो. आणि फ्यूज, वायरमन, बुटका आणि लवकर तापणारा. मास्तर आणि डॉक्टरीणबाई यांना मी साक्षीला घेतलं आहे. साक्षीदाराला काही दिलं तर ते टिकत नाही असं कळलं, म्हणून त्या दोघांना काहीही देत नाही, कलम ४ मधल्या हत्यारांतही त्यांचा वाटा नाही. मास्तर खूश होतील, त्यांना कोणाचं काही घ्यायला आवडत नाही.

ग्रुपचे नियम मास्तरांनी ठरवलेले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ग्रुपवर गाडीशिवाय दुसरं बोलायचं नाही, नाहीतर नातवंडांचे फोटो सुरू होतात. आणि तिसरा, पाहुणा बिघाड उघडायचा नाही. म्हणजे जो बिघाड येतो, दहा मिनिटं बसतो आणि न सांगता निघून जातो, त्याच्या मागे लागून अर्धं इंजिन खोलायचं नाही. काही सापडत नाही, उलट चांगलं चाललेलं बिघडतं. त्याला मुक्कामाला येऊ द्यायचं. एकदा तो कायमचा राहिला की मानगूट धरता येते. हा नियम गाडीसाठी बरोबर आहे, हे मी आजही म्हणेन.

कलम ६. गाडी. क्रीम रंगाची, चार दारांची, त्रेचाळीस वर्षं जुनी, माझ्याकडे एकोणीस वर्षं. पत्नी तिला "धाकटी" म्हणायची. "धाकटीचं जेवण झालं असेल तर आपण बसू या का?" असं ताटावरून हाक मारून विचारायची. ही गाडी फ्यूजला द्यायची. थंडीत चोक पूर्ण ओढावा आणि पेडल एकदाच दाबावं. चारदा दाबलं तर पेट्रोल जास्त होऊन ती रुसते. मागचं उजवं दार आतून उघडत नाही, ते दुरुस्त करू नये, मागे बसणाऱ्याला उतरवून घ्यायला आपण उतरावं लागतं हे बरं आहे.

फ्यूजलाच का, ते सांगतो. अडीच वर्षांपूर्वी गाडीला एक दुखणं लागलं. वीस मिनिटं चालली की चढावर धाप लागल्यासारखं करायची आणि बंद पडायची. दहा मिनिटं उभी केली की काही झालंच नाही अशी सुरू. पक्का पाहुणा. ग्रुपवर रोज चर्चा. मास्तर म्हणाले, नळीत पेट्रोलची वाफ होतेय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कंडेन्सर बदला. मी एकेक करून बदलत गेलो, कॉइल, कंडेन्सर, पंप, प्रत्येक बदलानंतर आठवडाभर वाट बघत. असे सात महिने गेले. शेवटी फ्यूजने लिहिलं, "काका, बंद पडली की पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा आणि कान लावा." पुढच्या वेळी उघडलं. फुस्स करून हवा आत ओढली गेली. झाकणातलं टाचणीएवढं भोक मळाने बुजलं होतं. टाकीत हवा जात नव्हती, म्हणून पेट्रोल पुढे येत नव्हतं. टाचणीने भोक मोकळं केलं. त्या दिवसापासून आजवर गाडी एकदाही बंद पडलेली नाही. पत्नीला जाऊन तेव्हा सोळा दिवस झाले होते.

कलम ७. हे कलम मिळकतीचं नाही, तरी काढू नये.

त्या सात महिन्यांत पत्नीने मला तीनदा सांगितलं. पहिल्यांदा ती बाजारातून चालत आली, पिशव्या खाली ठेवल्या आणि म्हणाली, "अहो, चढावर छाती दाटल्यासारखी होते. बसले की जाते." मी शेडमध्ये होतो. मी म्हणालो, "किती वेळ?" म्हणाली, "दहा मिनिटं." मी म्हणालो, "तुझं आणि धाकटीचं एकच आहे की." ती हसली. मीही हसलो.

दुसऱ्यांदा जबड्यात कळ येते म्हणाली. तेव्हा मी डॉक्टरीणबाईंनाच मेसेज लिहीत होतो, कंडेन्सरबद्दल. एक ओळ वाढवून विचारता आलं असतं. ग्रुपवर गाडीशिवाय बोलायचं नाही, म्हणून विचारलं नाही. खरं तर सुचलंच नाही.

तिसऱ्यांदा तिने सरळ विचारलं, "डॉक्टरकडे जाऊ या का?" मी गाडीखाली होतो, तिची फक्त पावलं दिसत होती. मी म्हणालो, "आत्ता गेलीस तर त्यांना काही सापडणार नाही. तपासतील, सगळं ठीक म्हणतील, गोळ्या देतील. मुक्कामाला येऊ दे, मग धरू." मी हे चेष्टेने म्हणालो नाही. मला ते पटलेलं होतं. तिलाही पटलं असावं, ती आत गेली.

नंतर बारा दिवसांनी मावशी तिला पडद्याचं कापड घ्यायला घेऊन गेली. दुकान चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. ती दुसऱ्या मजल्यावर जिन्यात बसली आणि तिथून उठली नाही.

हॉस्पिटलात मुलगी सगळ्यांसमोर मावशीवर तुटून पडली. "तुला दिसत नव्हतं तिला धाप लागलीय ते? कापड महत्त्वाचं होतं का?" मावशी माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "भावोजी, ताईनं तुम्हाला काही सांगितलं होतं का?" मुलगी माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "नाही."

एवढा एकच शब्द. त्यावर दोन वर्षं निघाली. मावशीने पाठवलेली पत्रं मुलीने न फोडता परत केली. मावशी माझ्याकडे दोनदा आली, मुलगी असेल म्हणून बाहेरूनच डबा देऊन गेली. मी डबा घेतला, धुऊन परत केला, आणि काही बोललो नाही. आता मी नसताना का होईना, मुलीने हे वाचावं. दोष मावशीचा नाही, माझा आहे.

कलम ८. वरचं सगळं मी परवा लिहून वकिलीणबाईंकडे नेलं. त्यांनी सातवं कलम दोनदा वाचलं. म्हणाल्या, "काका, हे मिळकतीत बसत नाही."

"बसवा."

"बसवते. पण मावशींना हे कळणार कधी?"

"मी गेल्यावर."

"त्यांचं वय काय?"

"अडुसष्ट."

त्या चष्मा काढून पुसत बसल्या. मी एकाहत्तर, रक्तदाब ठीक, साखर नाही. कागद उचलले आणि तसाच गाडी घेऊन मुलीकडे गेलो.

ती पेपर तपासत होती. मी बसून सातवं कलम वाचून दाखवलं, कारण तोंडी सांगायला घेतलं असतं तर मी कुठेतरी वळण घेतलं असतं. वाचून झालं. तिच्या लाल पेनचं टोक कागदावर टेकलेलं होतं आणि तिथे शाई पसरत होती.

"तीनदा?" ती म्हणाली.

"तीनदा."

"आणि तुम्ही मला दोन वर्षं मावशीला नावं ठेवू दिलीत."

मी हो म्हणालो. मला वाटलं ती ओरडेल. तिने फोन घेतला, नंबर शोधला, आवाज बाहेर येईल असा लावून टेबलावर ठेवला. तिकडून मावशी म्हणाली, "हॅलो? अगं, तूच ना? बोल ना गं." मुलीने फोन माझ्याकडे सरकवला.

"मी आहे," मी म्हणालो.

"भावोजी? काय झालं? पोरगी बरी आहे ना?"

"बरी आहे. इथेच आहे. तुझ्या ताईनं मला सांगितलं होतं. दुखतंय म्हणून. तीनदा. मी त्या दिवशी नाही म्हणालो."

मावशी म्हणाली, "ठाऊक आहे मला."

"कसं?"

"जिन्यात बसली ना, तेव्हा मी म्हटलं, ताई, चल, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जाऊ. तर म्हणाली, 'ह्यांना सांगितलंय मी. ते शोधतायत.'"

मी म्हणालो, "मग तू तेव्हाच का नाही बोललीस?"

"पोरीची आई गेली होती, भावोजी. त्याच दिवशी बाप कसा काढून घेऊ तिच्याकडून?"

मुलीने पेनाला टोपण लावलं, पेपर तसेच टाकले आणि पायात चपला सरकवल्या. म्हणाली, "मी मावशीकडे जातेय." मी विचारलं, "मी सोडू?" ती म्हणाली, "नको, बाबा. आज तुम्ही नको."

मी घरी आलो. गाडी सगळ्या चढांवर व्यवस्थित चालली. शेडमध्ये इंजिन बंद करून मी तिथेच बसून राहिलो. वर मी लिहिलं आहे की मला फारसं काही वाटत नाही. ते आता पूर्ण खरं नाही, म्हणून दुरुस्ती नोंदवतो. मला लाज वाटते. मृत्युपत्रात खोटं विधान असू नये.

कलम ९. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी माझ्या पत्नीच्या धाकट्या बहिणीला नेमतो. हे तिला विचारून केलेलं नाही. तिने नाही म्हटलं तर तिला कोणी आग्रह करू नये, मग मुलीने बघावं. हो म्हटलं तर घराची किल्ली तिच्याकडे आजच द्यावी, माझ्या मरणाची वाट बघू नये. मी दाराशी असेन. बोलायचं की नाही ते तिने ठरवावं.

वरचा मजकूर मी लिहिला, वाचला, समजून सही केली. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, दोन्हीकडे आद्याक्षरं आहेत. माझी सही दोन्ही साक्षीदारांनी आणि त्यांच्या सह्या मी समोर बसून पाहिल्या.

ठिकाण: राहत्या घराची मागची खोली
दिनांक: अकरा नोव्हेंबर, सकाळी साडेदहा

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार १: (सही) मास्तर, निवृत्त गणित शिक्षक

साक्षीदार २: (सही) डॉक्टरीणबाई, दंतवैद्य. साक्षीदाराने मजकूर वाचण्याची गरज नसते असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी सगळा वाचला, मग सही केली, आणि जाताना मला एवढंच म्हणाल्या की व्यवस्थापक बाई बाहेर फाटकाशी उभ्या आहेत, मुलगी सोबत आहे, आत बोलवा.