सातशे एमबीत काय बसवायचं

३ मार्च, सोमवार. सकाळी ९
आजपासून रोज लिहायचं. मंडळाने मला यादीप्रमुख केलं. आमच्या 'क्वोल' या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये मुळातच कोणते प्रोग्रॅम घालून द्यायचे, ते आता मी ठरवणार. ऑस्ट्रेलियाभरातल्या शाळांचे जुने कॉम्प्युटर क्वोलवर चालतात. जबाबदारी मोठी आहे. माणूस योग्य निवडलाय.
बायकोला सांगितलं. ग्लेनिस म्हणाली, दुसरं कोणी तयार नसेल.

४ मार्च
पहिला नियम: सगळं मिळून सातशे एमबीच्या आत, म्हणजे एका सीडीवर मावेल. अध्यक्ष नोएलीनने विचारलं, सीडी हल्ली वापरतं कोण. शिस्त म्हणून, असं सांगितलं. माझ्याकडे दोनशे कोऱ्या सीड्या पडून आहेत, ते बोललो नाही.
मी लिहिलेला 'टाइडबेल' यादीत आहेच. समुद्राला भरती आली की घंटा वाजवतो. चौदा वर्षं आहे, वजन फक्त दोन एमबी. बंदरातून रिटायर झाल्यापासून माझ्या नावाचं जगात एवढंच चालू आहे. त्याला धक्का लागणं शक्य नाही.
ॲलिस स्प्रिंग्जच्या शाळेची तक्रार: समुद्र हजार किलोमीटरवर, मग वर्गात घंटा का? उत्तर उद्या.

७ मार्च
बुद्धिबळ काढलं. नकाशे काढले. मुलांचं चित्रकलेचं 'ब्रशी' काढलं. यादीतले प्रोग्रॅम एकत्र जोडून सिस्टिम तयार करणारा विन्को म्हणाला, हे सगळे एकाच जुन्या टूलकिटवर, म्हणजे खालच्या सामायिक सॉफ्टवेअरवर चालतात, जरा बघून काढ. त्याला म्हटलं, इथे भावनेच्या आहारी जाऊन चालत नाही.

१० मार्च. आठ तास दिनाची, म्हणजे कामगार दिनाची सुट्टी
चालायला जायचं ठरवलं होतं. हॉबार्टात वारा फार. घरीच बसून शिंपल्यांचं सारण भरलेल्या दोन पेस्ट्र्या, आमचे 'स्कॅलप पाय', खाल्ले. उद्यापासून नक्की.

१२ मार्च. दुपारी २
विन्कोकडून पहिली जोडणी आली. सातशे बेचाळीस एमबी. कुणाचा तरी हलगर्जीपणा.

दुपारी ४
विन्कोचा फोन. एकट्या टूलकिटचं वजन एकशे ऐंशी एमबी, आणि ते आता फक्त टाइडबेलला लागतं. म्हणाला, "पिंप चौघं मिळून उचलत होते, मर्व्ह. तिघांना तूच घरी पाठवलंस."
त्याचा सूर आवडला नाही.

१४ मार्च
सोपं आहे. टाइडबेल नव्या टूलकिटवर पुन्हा लिहायचा. दोन दिवसांचं काम.

१६ मार्च
घंटा वाजते. थांबत नाही. ग्लेनिस डेव्हनपोर्टला बहिणीकडे गेली. जायचं तिचं आधीच ठरलं असावं.

१९ मार्च
मीटिंग. मी टाइडबेलसाठी अपवाद मागितला. नोएलीन हळूच म्हणाली, नियम तुझाच आहे.
यादी बदलायचा अधिकार फक्त मला, त्यामुळे टाइडबेलची ओळ मलाच खोडावी लागली. खोडताना कारण लिहावं लागतं. 'जागा नाही' असं लिहिलं. वाईट वाटलं. फारच.
तात्पुरतं आहे. लोक ओरडतील.

२१ मार्च
नवी आवृत्ती गेली. तक्रारींचा रकाना तासातासाला बघायचा नाही, असं ठरवलं.

संध्याकाळी ५
नऊ वेळा बघितला. लोकांना अजून कळलं नसेल.

१४ एप्रिल, सोमवार
शाळांची एकतीस पत्रं आली: ब्रशी परत द्या. मंडळाने सीडीचा नियमच रद्द केला. ब्रशी आत, म्हणजे त्याच्यासाठी टूलकिटही आत. मी भर मीटिंगमध्ये हिशोब मांडला की आता टाइडबेलचे फक्त दोन एमबी. म्हणजे माझंच बरोबर होतं.
नोएलीनने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "जागेचा प्रश्नच नाही आता. तीन आठवडे झाले, मर्व्ह. तो गेल्याचं एकानेही कळवलं नाही."
विन्को खाली बघत होता.
मग ब्रशीची ओळ यादीत घालायची होती. ते काम माझंच. घातली. घालतानाही कारण विचारतात. लिहिलं: लोकांना हवं आहे.