मानकूबाई सांगतात, मी टाइप करतो

११ फेब्रुवारी, मंगळवार
मानकूबाई दुपारच्या बसने आल्या. त्यांच्या गावाच्या वनहक्क समितीच्या अध्यक्ष. गावाचा सामूहिक दावा मीच टाइप केला होता, एकतीस पानं. तो उपविभागीय कार्यालयातून परत आला. कागदासोबत फाइलही मागतात आणि तिथल्या संगणकात माझा जुना फाँट उघडत नाही. बाईंनी मोबाइलवर फोटो आणला होता. "भाऊ, आमचं जंगल असं किड्यामुंग्यावानी काऊन दिसून राह्यलं?"
युनिकोडमध्ये आणा, असा निरोप. मग ग्रामसभेत सगळं पुन्हा वाचायचं, पुन्हा सह्या-अंगठे. तेही मोहाची फुलं पडायच्या आत. मोह पडायला लागला की पहाटेपासून गाव रानात, सभेला बसणार कोण? मागून तेंदूची पानं, मग धानाची कामं. वर्ष गेलंच.
करून देतो म्हणालो. फाँट माझा होता.

१२ फेब्रु.
फाइल बदलून देणारी सोय वापरून पाहिली. जोडाक्षरं फुटली, निम्म्या आडनावांचे हातपाय गेले. युनिकोडमध्ये कळांची जुनी मांडणीही मिळते म्हणे, तीही लावली. काही अक्षरं भलत्याच ठिकाणी. ओळखीच्या घरात कुणी भांडी हलवून ठेवावीत तसं झालं. त्यापेक्षा इन्स्क्रिप्ट ही नवी मांडणीच शिकावी. सत्तावीस वर्षांच्या सवयीची बोटं. देवापुढे दिवा लावला आणि बसलो.

१४ फेब्रु.
'क'साठी बोट सवयीने जातं तिथे आता हलन्त आहे. सकाळभर पाय मोडलेली अक्षरं. पूर्वी अर्धं अक्षर आधी, काना मारला की पूर्ण. इथे अक्षर पूर्णच येतं, अर्धं करायचं तर मोडावं लागतं. मिनिटाला सहा शब्द. गडचिरोलीला चाळीसची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालेला मी.
बायको, सुनंदा, भाजी चिरता चिरता सरावाला शब्द सांगते. आज वांगे, लसूण, हिरवा सांबार. लसणापाशी अडलो. "एवढ्या वेळात त मी लसूण पेरून काढला असता," म्हणाली. पण उठली नाही, सांगत राहिली. तिचे उपकार.

१७ फेब्रु., सोमवार
लिहायला लाज वाटते. सकाळी सात ते दहा, तीन पानं टाइप केली. मान वर केली तर पडद्यावर सगळी इंग्रजी अक्षरं. कीबोर्ड मराठीवर घेतलाच नव्हता.
टायपिंग इन्स्टिट्यूटमधल्या सरांनी तसंच शिकवलं होतं. कळांवर पुठ्ठा, डोळे मूळ कागदावर. नजर हलली की बोटांवर पट्टी. माझ्यासोबत शिकलेला कोणीही टाइप करताना वर बघत नाही. टाइपरायटरला भाषा एकच असायची, बघायचं कशाला?
सु. हसली, मग माझं तोंड पाहून चहा ठेवला. संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेत मन लागलं नाही. बाईंना फोन करून खरं ते सांगितलं: माझ्याने वेळेत होईलसं वाटत नाही, दुसऱ्या कुणाला द्या. त्या म्हणाल्या, शुक्रवारी येतो, मग पाहू.

२१ फेब्रु., शुक्रवार
आठवडी बाजार करून बाई आल्या. पिशवी बाजूला ठेवून जुने कागद मागितले. "तुमी कागद पायता म्हणूनच पडदा दिसत नाई. मी सांगतो, तुमी मारा."
त्या वाचत गेल्या, मी ऐकत गेलो. आश्चर्य वाटलं. या मांडणीत पहिली वेलांटी जुन्यासारखी आधी नाही, अक्षरानंतर येते, बोलावं तशी. कागद बघून हात जुन्या वाटेला जात होते, ऐकून जाईनात. दोन तासांत चार पानं. देवा, तुझी माणसं कुठून कुठून येतात.

२४ फेब्रु.
बाई पुन्हा आल्या. वाचता वाचता लालसूबाबांचा जबाब आला, गावातले सगळ्यात वडील. बांबू, मोह, हिरडा, देवाची जागा, गुरांची वाट. बाई एकदम थांबल्या. मला वाटलं, अक्षर लागत नाही. म्हणाल्या, "भाऊ, यात बायांचा नाला नाई."
कोणता नाला? तर डोंगरामागचा. उन्हाळ्यात बाया तिथे मासे-खेकडे धरतात, काठचे कंद खणतात. पुरुषमाणसं तिकडे जात नाहीत. जबाब घेतला तेव्हा माणसंच पुढे बसली होती आणि लिहून घेणारा मीच. मागच्या बायांना मी काही विचारलं नाही. बाई म्हणाल्या, त्याही तेव्हा गप्प बसल्या होत्या. मग तेच टाइप करताना मी अक्षर न् अक्षर बरोबर उतरवलं, आणि नाला नाही हे लक्षात आलं नाही.
आता घालायचं तर नकाशात खूण हवी, एखाद्या म्हातारीचा जबाब हवा, ग्रामसभेची मान्यता हवी. आणि दिवस मोजके. विचारलं, करायचं? "नाई केलं त उद्या तिथी कोनीबी अडवन आम्हाले."

२६ फेब्रु., महाशिवरात्र
आळीतली सगळी मार्कंड्याच्या जत्रेला गेली, सु.सुद्धा. मी इथूनच हात जोडले. सु. जाताना सगळे शब्द मोबाइलमध्ये बोलून ठेवून गेली, दावा पानापानाने. तेच लावून नऊ पानं झाली. मिनिटाला चौदा. मधे तिचा खोकला, शेजारणीशी बोलणं, सगळं आहे त्यात. शेजारणीला दिलेल्या निरोपाची एक ओळ मी टाइप करून बसलो होतो. खोडली.

६ मार्च
बाई पाच जणींना घेऊन नाल्यावर जाऊन आल्या, नकाशात खूण झाली. जुरूबाईंचा जबाब बाईंनी स्वतः लिहून आणला. म्हातारीने दगडादगडाचं नाव सांगितलंय. दोन पानं वाढली. तेहतीस.
फाइल परत आली म्हणून महिनाभर मनात कुरकुर होती. आता देवाला काय म्हणू?

१६ मार्च, रविवार
ग्रामसभा. मोह अजून थांबलाय, टपोऱ्या कळ्या दिसतात. मी एकेक पान वाचत होतो, बाई गोंडीत सांगत होत्या. लालसूबाबा डोळे मिटून ऐकत होते, झोपले असं वाटलं. देवाच्या जागेपाशी मान हलली.
नाल्याच्या पानावर एक जण बोलला, "खेकड्याच्या नाल्याले दोन पानं? सायेब हसन."
जुरूबाई मागून म्हणाल्या, "हसू दे. तू जेवते तवा त नाई हसत."
सगळे हसले, तोही. या वेळी बाया पुढे सरकून बसल्या होत्या. कोणी सांगितलं नव्हतं. जुरूबाईंनी अंगठा दिला आणि बोट पदराला न पुसता तसंच धरून बसल्या.

२० मार्च, गुरुवार
दावा कार्यालयात दिला. फाइल उघडली. तिथल्या बाबूंनी सरसर खाली नेली, म्हणाले, "दिसतंय." मी सुटलो.
बाईंनी विनंती केली, जरा नाल्याचं पान दाखवा. बाबूंनी दाखवलं. त्या उभ्यानेच वाचू लागल्या, ओठ हलवत, पहिल्या ओळीपासून. रांग थांबली. मला वाटलं, बाबू चिडतील. चिडले नाहीत. बाईंनी दोन्ही पानं पूर्ण वाचली.
पोच मिळाली. वरची समिती कधी बसेल विचारलं तर कळवू म्हणाले. जंगलाचं होईल, नाल्याचं सांगता येत नाही, असंही म्हणाले.
बाई दोनच्या बसने गेल्या. मोह रात्रीपासून पडायला लागलाय, दुपारपर्यंत वाळत घालायचा होता, उशीर झाला म्हणत होत्या. बस सुटताना खिडकीतून म्हणाल्या, "भाऊ, नाई म्हटलं त पुन्हा लिहू. आता त हात बसला तुमचा."