मशीनवरचा लोड

परतूर,
रविवार, दुपार

प्रिय अंगद,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुला वाटलं असेल, काहीतरी वाईट बातमी आहे. तसं काही नाही. बाबा बरे आहेत, म्हणजे जेवढे बरे होऊ शकतात तेवढे. आत्ता जेवून झोपलेत. तुला फोन केला की दोन मिनिटांत तुझी मीटिंग निघते, आणि मोबाईलवर लिहिलं की नुसत्या दोन निळ्या खुणा येतात. म्हणून शाळेच्या वहीतले कागद काढून बसले. हातात आलेलं पत्र माणूस शेवटपर्यंत वाचतो, असा माझा अजून समज आहे.

आधी तुला हसू येईल अशी बातमी सांगते. चौथीच्या पोरांना हातच्याच्या बेरजा शिकवणाऱ्या तुझ्या ताईला आता शॅडो क्वालिटी म्हणजे काय ते कळतं. रिझोल्यूशन कळतं, व्ही-सिंक कळतं, आणि खेळाच्या कोपऱ्यातला तो आकडा साठाच्या खाली गेला की माझ्या कपाळाला आठी पडते. तू इथं असताना हे सगळं मला सांगायला बघायचास आणि मी पोळ्या लाटत हूं-हूं करायची. आता मीच तुझ्या त्या जुन्या कॉम्प्युटरसमोर गुडघे मोडून बसते. हो, तोच कॉम्प्युटर. तू गेलास तेव्हा बाबांनी त्यावर कापसाच्या गाठीचं कापड टाकलं होतं. चार वर्षं ते कापड कुणी उचललं नाही. मी झाडू मारायची, तेव्हा त्याच्या कडेकडेनं मारायची.

दवाखान्यातून बाबांना घरी आणल्यावर काय काय झालं ते तुला नीट ठाऊक नाही. तू जालन्याला आला होतास, आयसीयूच्या काचेबाहेर दुपारभर उभा होतास, आणि ते शुद्धीवर यायच्या आत संध्याकाळच्या गाडीनं हैदराबादला परत गेलास. मी त्यांना सांगितलं होतं, अंगद येऊन गेला म्हणून. ते छताकडे बघत राहिले. तेव्हा जीभ वळत नव्हती, त्यामुळं काही म्हणायचं होतं की नाही ते मला कळलं नाही. अर्धांगवायूनं उजवा हात नि उजवा पाय दोन्ही गेले होते. पाय काठीच्या आधारानं थोडा परतला. हात मात्र मांडीवर कुणी आणून ठेवल्यासारखा पडून असायचा. तीस वर्षं कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटरकी केलेला हात. नुसत्या आवाजावरून कुठल्या मशीनचं बेअरिंग सुकलंय ते सांगणारा माणूस, आणि त्याला शर्टाचं बटण मी लावून द्यायची.

जालन्याहून प्रीती नावाची एक मुलगी आठवड्यातून दोनदा व्यायाम करून घ्यायला येते. तिनं रबराचा चेंडू दिला, ताटलीतले वाटाणे एकेक करून उचलायला लावले. बाबांनी चार दिवस केलं आणि पाचव्या दिवशी ताटली डाव्या हातानं ढकलून दिली. वाटाणे पार न्हाणीपर्यंत गेले. मी ते वेचत होते, तेव्हा मला रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता. नुसती झोप येत होती. अंगद, मला हल्ली कायम झोप येते. पहाटे उठून त्यांचं अंग पुसायचं, कपडे बदलायचे, गोळ्या द्यायच्या, डबा करायचा, शेजारच्या साळूबाईंना येऊन बसायला सांगायचं आणि शाळा गाठायची. मागच्या महिन्यात हजेरी घेताना एका पोरीचं नाव मला आठवेना. दुसरीपासून माझ्याच वर्गात असलेली पोरगी. ती उभी राहून माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे.

वाटाण्यांच्या त्या प्रसंगानंतर दोन-तीन दिवसांनी बाबांनी काठीनं कोपऱ्याकडे दाखवलं. म्हणाले, "त्ये चालू कर." मला वाटलं पंखा. म्हणाले, "पंखा न्हाई. पोराचं त्ये." शब्द जड येत होते, पण 'पोराचं' एकदम स्पष्ट आलं. मी कापड काढलं. धूळ एवढी की दोघंही खोकलो. कॉम्प्युटर चालू होईल असं वाटलं नव्हतं, पण झाला. तुझा तो मारामारीचा खेळ त्यात तसाच होता. बाबा म्हणाले, "ह्योच."

प्रीतीला विचारलं. तिला उलट आनंद झाला. डाव्या हातानं पुढं-मागं व्हायचं आणि ठोसे, लाथा, पकड सगळं उजव्या हाताच्या बोटांवर ठेवायचं, असं तिनं ठरवून दिलं. मी कीबोर्डवरची बटणं तशी लावली. बाबांनी त्यातला तो म्हातारा, जाडजूड पैलवान निवडला. बाकीचे सगळे उड्या मारणारे. बाबा म्हणाले, "ह्यो माझ्यासारखा हाय. हळू हाय पण धरला तर सोडत न्हाई." पहिले पंधरा दिवस त्यांचं उजवं बोट बटणावर पडायच्या आत पैलवान आडवा झालेला असायचा. तरी ते बसायचे. रोज चार ते पाच. तो एक तास मी त्यांच्या मागच्या खाटेवर भिंतीला टेकून झोपायची. खरं सांगते, त्यांच्या बोटांसाठी मी हे सुरू ठेवलं असं सगळ्यांना सांगते, पण ते माझ्या त्या एका तासासाठीही होतं.

मग त्यांनी बाहेरच्या माणसांशी खेळायचा हट्ट धरला. मी त्यांच्यासाठी खातं काढून दिलं. शनिवारी ते इंटरनेटवरच्या एका ठरावीक खोलीत जाऊन खेळायला लागले. हरायचे, पण हरून आले तरी चेहरा वेगळा असायचा. दोन शनिवार असे गेले. तिसऱ्या शनिवारी समोरच्यानं त्यांना सुनावलं. तुमचा कॉम्प्युटर रखडतोय, त्यापायी माझाही खेळ अडकतोय, आधी तो नीट करा नि मग या. मला फार लागलं. मी म्हटलं, बाबा, राहू द्या, घरातल्या घरातच खेळा. तर म्हणाले, "बराबर बोलला त्यो. आपलं मशीन खराब ठिवून दुसऱ्याचा माल खराब करू न्हाई." आणि मला म्हणाले, "आवाज ऐक. पंखा रडून राह्यला."

तिथून आमचं काम सुरू झालं. आधी कॉम्प्युटरचा डबा उघडला. बाबा खुर्चीत बसून सांगायचे आणि माझे हात चालायचे. आतला पंखा धुळीनं माखलेला, तो ब्रशनं साफ केला. बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडून प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलून आणली. तो म्हणाला, ताई, हे ग्राफिक्स कार्ड जुनं झालंय, आताचे खेळ ह्याला पेलणार नाहीत. घरी येऊन बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "मंग लोड उतरव."

लोड उतरवायचा म्हणजे काय ते मी मोबाईलवर शोधून शोधून शिकले. त्या खेळाला सेकंदाला साठ चित्रं लागतात. आपल्याकडे चाळीस-बेचाळीसच निघत होती, म्हणून पैलवान पाण्यातून चालल्यासारखा चालायचा आणि समोरच्यालाही आपल्यासाठी थांबून राहावं लागायचं. मी एकेक गोष्ट काढत गेले. रिझोल्यूशन एका पायरीनं खाली आणलं, चाळीसाचे एक्कावन्न झाले. सावल्या सगळ्यात कमीवर टाकल्या, पंचावन्न. मग कडा गुळगुळीत करणारं ते काहीतरी असतं ते बंद केलं, उजेडाची झगमग बंद केली, मागे लपून चालणारे चार-पाच प्रोग्रॅम बंद केले. वायफाय सोडून थेट वायर टाकली. दर वेळी बाबा विचारायचे, "किती?" आणि मी आकडा सांगायची. व्ही-सिंक लावलं की चित्र फाटत नव्हतं, पण बटण दाबल्यावर ठोसा उशिरा निघायचा. काढलं की ठोसा वेळेवर, पण चित्राला मधूनच आडवी चीर. मी म्हटलं, चीर वाईट दिसते. बाबा म्हणाले, "दिसू दे. माझा हात आधीच उशिरा निघतो, त्यात अजून उशीर नको." मी व्ही-सिंक काढून टाकलं.

शेवटी फक्त एक जागा त्रास देत होती, धबधब्याची. पैलवान तिथं गेला की आकडा घसरायचा. बाबांनी तिथं जायचंच सोडलं, कोऱ्या भिंतींच्या तालमीत खेळायला लागले. आता त्या खेळात सावली नाही, पाणी नाही, बघायला जमलेली गर्दी नाही. दोन माणसं आणि एक जमीन. दिसायला भकास आहे, पण आकडा साठावरून हलत नाही. ज्या दिवशी पूर्ण तासभर साठ राहिला, त्या दिवशी बाबांनी उजव्या हातानं माझ्या डोक्यावर टपली मारली. लागली नाही. पण उजव्या हातानं मारली.

तू गेलास त्या संध्याकाळबद्दल आपण कधीच बोललो नाही. तू ह्याच खेळाच्या स्पर्धेच्या अगदी शेवटच्या लढतीत होतास, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. त्याच दुपारी कॉलेजचं पत्र आलं होतं, तू परीक्षेलाच बसला नाहीस म्हणून. बाबा हंगामातली बारा तासांची पाळी करून आले, पत्र वाचलं, तुला तीनदा हाक मारली. तुझ्या कानाला हेडफोन. मग त्यांनी मेन स्विच खाली ओढला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मी त्यांना थांबवलं नाही आणि नंतर तुलाही थांबवलं नाही. तू बॅग भरलीस आणि सकाळची सिकंदराबादची गाडी धरलीस. आई असती तर स्टेशनपर्यंत तरी धावली असती. मी दारातच राहिले. तुझ्यावर माझा राग आहे, अंगद, चार वर्षांचा. पण ह्या एका गोष्टीसाठी माझा माझ्यावरही आहे.

बाबांनी त्या दिवसाबद्दल कधी चूक कबूल केली नाही, करतील असंही मला वाटत नाही. फक्त एकदा, सावल्या बंद केल्या त्या दिवशी, मला म्हणाले, "मधीच लाईट गेली तर खेळणाऱ्याचं काय व्हतं गं?" मी सांगितलं, तो हरला असं धरतात. त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "मला वाटलं, नंतर जिथून सोडलं तिथून लावता येतंय."

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. दवाखान्यातून आल्यापासून बाबा तुझे खेळाचे व्हिडिओ बघतात. मीच मोबाईल धरते. कोपऱ्यात तुझं नाव येतं, 'परतूरकर', ते त्यांनी वाचलं तेव्हाच त्यांनी कॉम्प्युटरकडे काठी दाखवली होती. दर शनिवारी चार वाजता तू खुली खोली उघडतोस, कुणीही येऊन तुझ्याशी खेळावं म्हणून. तिथं 'जिन सात' नावाचा एक पैलवान तुझ्याकडून अकरा वेळा हरला, आठवतंय? जिनिंगमधलं सात नंबरचं मशीन बाबांचं होतं. तिसऱ्या शनिवारी तू त्या म्हाताऱ्या पैलवानाला हसत म्हणालास, "काका, आधी मशीन सुधारा, मंग या." मी मोबाईल धरून होते. चार वर्षांनी तू त्यांच्याशी बोलला होतास, आणि तुला ते माहीत नव्हतं. त्यांना ते वाईट वाटलं नाही. त्यांनी ते काम म्हणून घेतलं. मशीन सुधारलं. पण तू त्याच दिवशी 'जिन सात'ला कायमचं बंद करून टाकलंस. हे मला नंतर, मशीन साठावर आल्यावर कळलं. मी आत जायला गेले तर तुम्हाला या खोलीत प्रवेश नाही असं इंग्रजीत आलं. बाबांना इंग्रजी येत नाही. मी म्हटलं, आज अंगदनं खोली उघडली नाही. पुढच्या शनिवारी म्हटलं, सुट्टीवर गेलाय. काल म्हटलं, त्याच्याकडे लाईट नाही. ते दर वेळी हो म्हणतात, खुर्ची मागे सरकवतात आणि एकटेच सराव करतात. तू त्यांना माफ कर असं मी म्हणत नाही. बोलूही नकोस, मुद्दाम हरू तर अजिबात नकोस, त्यांना ते कळेल. मी लिहिलंय हेही त्यांना माहीत नाही. फक्त प्रवेश बंद केलेल्यांच्या यादीतून 'जिन सात' हे नाव काढ. मी बाकी सगळं ओढत आलेय आणि ओढेन, पण चौथ्या शनिवारी त्यांच्या तोंडाकडे बघून आणखी एक खोटं माझ्याच्यानं होणार नाही.

तुझीच,
भावनाताई