रिकाम्या कालव्यात घेतलेली चाचणी रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. सचिव,
वाहतूक मार्ग चौकशी समिती,
ब्रॅकनडेल खोरे, यॉर्कशर

विषय : लोहमार्ग व कालवा यांची तुलना भरल्या पाण्यात पुन्हा करणेबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज, ज्यांना उत्तर नाही.

महोदय,

आपण चिखलात बोट ओढायला लावली आणि अहवालात तिला कालव्याची चाचणी म्हटले. हे खोटे आहे, आणि ते खोटे आहे हे आपल्याला पहिल्या अर्जापासून माहीत आहे.

१. मी एकोणीस वर्षे या कालव्याच्या तिसऱ्या दरवाज्याचा राखणदार आहे. दर वर्षी जूनच्या सुमारास, व्हिटसन सणाच्या आठवड्यात, कालव्याचे पाणी बाहेर सोडून गाळ काढतात. यंदा तसा लेखी हुकूम २ जूनला आला आणि दरवाजा मी स्वतःच्या हाताने उघडला. ९ जूनला समितीचे अभियंता साहेब चाचणीला आले. तळाशी दीड फूट पाणी होते. एरवी साडेचार असते.

२. बोटवाला जेबेझ होलरॉइड म्हणाला, "साहेब, ही तरंगत नाहीये, बसलीये." साहेब म्हणाले, "तू घोडी हाक, आकडे मी बघतो." सात टनांवर घोडी थांबली. जेबेझ तिच्या मानेवर थोपटत म्हणाला, "चल बाई, साहेबांना घाई आहे." तीच घोडी भरल्या पाण्यात पंचवीस टन ओढते. रुळांवर तिने दहा ओढले. अहवालात लिहिले : रूळ दहा, कालवा सात.

३. मी आक्षेप घेतला तेव्हा आपल्या कारकुनाने विचारले, "पाणी किती आहे हे ठरवणारा तू कोण?" गेली एकोणीस वर्षे दर शनिवारी पाण्याची खोली मोजून मी ती याच कचेरीला कळवतो. ९ जूनच्या आठवड्याचा दीड फूटही कळवला होता. तो कोणी वाचला नाही, की वाचून ठेवून दिला?

४. पाणी सोडण्याच्या हुकुमावर आणि चाचणीच्या हुकुमावर सही एकच आहे. आपली. याला चूक म्हणायचे की काय, ते आपणच सांगा. मी थकलो आहे.

५. २९ सप्टेंबरला, मायकेलमस सणाच्या दिवशी, भरणाऱ्या सभेत हा अहवाल मंजूर झाला की कालवा बुजवून त्यावर रूळ टाकणार. माझे घर दरवाज्यालाच लागून आहे, ते जाईल. बायको मार्था म्हणते, "सामान बांधू का, ते एकदाचं सांगा." काय सांगू? रूळ खरोखर सरस असतील तर मी स्वतः दरवाजा उखडून देईन. पण पाण्याला हरवायचे तर आधी पाणी असू द्या.

कालवा आज काठोकाठ भरलेला आहे. जेबेझ तयार आहे, घोडी तयार आहे. एक सकाळ पुरेल. २९ सप्टेंबरच्या आत आपण येणार की नाही? नाही म्हणायचे असेल तर तेही लिहून द्या, आणि खाली सही करा.

पाण्याशेजारी राहणारा, आपला,
ईनॉक थ्वेट
तिसरा दरवाजा, ३ सप्टेंबर १८२४

सोबत : दोन्ही हुकुमांच्या नकला, ९ जूनच्या आठवड्याची पाण्याची नोंद.